टाकीतला मात्स्यन्याय

घरात मासे पाळले की मन शांत राहतं, असं सांगणारे लोक जगात पुष्कळ आहेत. दातांच्या डॉक्टरांचा तर यावर फारच विश्वास. दाढ काढायला आलेल्या माणसाला ते बाहेर बाकावर बसवतात आणि त्याच्यासमोर माशांची टाकी ठेवतात. आतून पिठाच्या गिरणीसारखा आवाज येत असतो आणि बाहेर एक सोनेरी मासा तोंडाचा चंबू करून ‘होईल, होईल, सगळं ठीक होईल’ असं म्हणत असतो. शिवाय मासा भुंकत नाही, पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारत नाही, त्याला पहाटे साखळी लावून फिरवून आणावं लागत नाही. पाळीव प्राण्यांमधला हा संन्यासीच, असं एकंदर जनमत आहे.

हे जनमत टिकवायचं असेल तर टाकीसमोर पाच मिनिटांपेक्षा जास्त बसू नये. पाच मिनिटांत शांती मिळते. अर्धा तास बसलात तर मात्र खटला हाती येतो. एक मासा दुसऱ्याच्या मागे लागलेला असतो, दुसरा पळत असतो, आणि थोड्या वेळाने तुमच्या लक्षात येतं की आपण नुसते बसलेलो नाही, आपण बाजू घेतलेली आहे.

आमच्याकडची टाकी मूळची चिरंजिवांच्या एका मित्राची. त्याची बंगळूरला बदली झाली तेव्हा टाकी, हवेचा पंप, खाण्याचा डबा आणि तीन गोल्डफिश त्याने आमच्या स्वाधीन केले. मुलीची सासरी पाठवणी करताना देतात तशा सूचनांचा एक कागदही दिला. टाकी दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच. म्हणजे काठोकाठ भरली तर ५७ लिटर पाणी. खडी, फिल्टर आणि एक प्लॅस्टिकचा पाणबुड्या यांची वजावट केली तर ५० धरा. (बँकेत जन्म घालवलेल्या माणसाला शिल्लक काढल्याशिवाय चैन पडत नाही.) तिघांमधला सगळ्यांत मोठा, नारिंगी, सबंध टाकीचा सातबारा आपल्याच नावावर असल्यासारखा हिंडणारा, तो शेठ. पांढऱ्या अंगावर तांबडे ठिपके असलेली, जरा गोलसर, ती ठिपकी. तिसरा काळाकुट्ट, डोळे चेंडूसारखे बाहेर आलेला. दुकानात या जातीला ब्लॅक मूर म्हणतात. एवढे मोठे डोळे, पण दिसतं बेताचंच, त्यामुळे बाकीच्यांचं जेवण संपेपर्यंत हा पहिला दाणा शोधत असतो. त्याचं नाव आम्ही पंच ठेवलं.

फेब्रुवारीत पुण्याची थंडी ओसरू लागली. कागदावरच्या सूचनेबरहुकूम मी टाकीतलं थोडं पाणी काढून ताजं, गार पाणी घातलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून शेठ ठिपकीच्या मागे लागला. मागे म्हणजे अगदी मागे. तिच्या शेपटीखाली नाक खुपसून तो ढुशा देत होता. ती या टोकाकडून त्या टोकाला जायची, तोही जायचा. ती वळायची, तोही वळायचा. टाकी दोनच फुटांची, त्यामुळे हे वळणं फारच वरचेवर व्हायचं. पंच फिल्टरच्या मागे जाऊन उभे राहिले, अलिप्त राष्ट्रांच्या परिषदेला निघून गेल्यासारखे.

आता या प्रकाराला म्हणायचं काय?

चिरंजीव म्हणाले, “बुलिंग आहे, बाबा. मोठा लहानाला त्रास देतोय.” त्यांच्या ऑफिसात नुकताच नवा साहेब आला होता. माशांच्या दुकानातल्या पोराने मोबाइलवर काढलेलं चित्रण पाहून सांगितलं, “काही नाही काका, मस्ती करतायत.” त्याला मला आणखी चार मासे विकायचे होते. वरच्या मजल्यावरचे सर संध्याकाळी चहाला आले. सर म्हणजे संस्कृत शिकवता शिकवता हेडमास्तर होऊन निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, टाकीच्या काचेला नाक लावलं आणि “प्रणय!” असा निकाल दिला. तीन माणसं, तीन निकाल, आणि आरोपी एकच. आमची ही तेवढी काही बोलली नाही. आम्ही सगळे शेठकडे पाहत होतो. ती ठिपकीकडे पाहत होती.

मला वाटतं, माशाचा चेहरा हेच या सगळ्या गोंधळाचं मूळ आहे. माशाला पापण्या नसतात. त्याला डोळे मिटता येत नाहीत, भुवया उंचावता येत नाहीत, दात-ओठ खाता येत नाहीत. गोल्डफिशला जबड्यात दातच नसतात, ते असतात घशात. तेव्हा तो रागावला काय, लाडात आला काय आणि घाबरला काय, तोंडाचा चंबू तोच. अशा कोऱ्या चेहऱ्यावर आपण आपला मजकूर लिहून टाकतो आणि मग तो मोठ्याने वाचून दाखवतो.

चिरंजिवांनी रात्री बसून शास्त्र शोधून काढलं. नर वयात आला आणि हंगाम आला की त्याच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या कडेवर रव्यासारखे बारीक पांढरे दाणे उठतात. (पुष्कळ लोक तो रोग समजून पाण्यात औषध ओततात. रोगाचे ठिपके अंगभर, कसेही पसरलेले असतात. हे दाणे आपल्या जागेवर असतात.) आम्ही विजेरी लावून पाहिलं. शेठच्या कल्ल्यांवर दाणे होते. म्हणजे शेठ नर, ठिपकी गोलसर दिसते ती अंड्यांमुळे, आणि हा प्रकार अंडी घालायच्या आधीचा. हिवाळा सरून पाणी कोमट व्हायला लागलं किंवा ताजं पाणी मिळालं की हे सुरू होतं. सहसा पहाटे. मादी झाडोऱ्यात शिरून अंडी टाकते, नर मागोमाग असतो. त्यापुढची गोष्ट मला आणखी नवलाची वाटली. अंडी तयार होत आली की मादीच्या शरीरातली काही संप्रेरकं पाण्यात उतरतात आणि नराला त्यांचा वास येतो. पुढचं सगळं हा वास करवून घेतो. त्यातलंच एक द्रव्य शास्त्रज्ञांनी नराला टोचून पाहिलं, तर तो नर मादीसारखा वागू लागला. म्हणजे काल मागे धावणारा आज पुढे धावतो, आणि मधे फक्त एक सुई.

सर खूश झाले. “बघा! मी म्हणत नव्हतो? प्रणयच. निसर्गाचा नियम. आपण मधे पडू नये.” आणि जाता जाता त्यांनी दिलासाही दिला, “शिवाय वहिनी, माशाची स्मरणशक्ती तीन सेकंदांची असते म्हणतात. या टोकाकडून त्या टोकाला जाईपर्यंत ती विसरून जात असेल.”

ही तीन सेकंदांची दंतकथा कुणी काढली देव जाणे, पण ती साफ खोटी आहे. गोल्डफिशला अमुक एका खुणेला खाणं मिळतं हे शिकवलं तर ते महिनोन् महिने लक्षात ठेवतात. आमचे तिघं तर डब्याचं झाकण वाजलं की एका ओळीत हजर होतात, आणि डबा कपाटात कुठल्या फळीवर आहे हेही त्यांना ठाऊक असावं असा मला संशय आहे. पण खोटी असूनही ही कथा एवढी टिकली का, याचं उत्तर मला त्या संध्याकाळी मिळालं. ती बघणाऱ्याच्या सोयीची आहे. जिच्यामागे कुणी लागलंय ती विसरून जाते, एवढं एकदा ठरलं की चहा गोड लागतो.

सर गेल्यावर कप उचलता उचलता ही म्हणाली, “विसरत नाहीत.”

“मासे ना? तेच तर चिरंजीव सांगत होते.”

“मासेही,” ती म्हणाली, आणि मग बशीतलं बिस्किट डब्यात परत ठेवताना जे सांगितलं ते मी पन्नास वर्षांच्या संसारात पहिल्यांदा ऐकलं. १९७१ साली ती सदाशिव पेठेत गाण्याच्या क्लासला जायची. क्लासपासून वाड्यापर्यंत एक मुलगा सायकल हातात धरून मागे मागे यायचा. बोलला काही नाही, कधी हात लावला नाही. नुसता मागे. सात महिने. वाड्यात सगळ्यांना माहीत होतं. आजी म्हणाली, वयच आहे ते, दुर्लक्ष करावं. काका म्हणाले, मुलगा घरंदाज आहे. शेजारच्या वहिनी तर ‘आले का तुझे सेवक?’ म्हणून हसायच्या.

“मग?”

“मग काय? मी गाणं सोडलं.”

ती गाणं शिकली होती हे मला माहीत होतं. मुलगी दाखवताना तसं सांगण्यात आलं होतं. सोडण्याचं कारण ‘पुढे अभ्यास वाढला’ असं होतं. ज्यांनी सांगितलं त्यांनाही ते खरं वाटत असावं.

आता यावरून कुणी असं म्हणेल, की शेठ म्हणजेच तो सायकलवाला. तर हे शेठवर अन्याय करणारं आहे, आणि सायकलवाल्याला फुकट सूट देणारं. शेठला वास येतो आणि तो धावतो. ‘आज राहू दे, तिला आवडत नाही’ असा विचार करण्याची सोय त्याच्या डोक्यात केलेलीच नाही. सायकलवाल्याच्या डोक्यात ती होती. त्याला घरी जाता आलं असतं. साम्य दोन पाठलाग करणाऱ्यांत नाहीच. साम्य आहे ते बघणाऱ्यांत. वाड्यातल्या माणसांनी आणि टाकीभोवतीच्या आम्ही लोकांनी मागच्याचं काय चाललंय याला तऱ्हेतऱ्हेची नावं दिली: मस्ती, वय, प्रणय, निसर्ग. पुढच्याचं काय चाललंय, याला कुणी एकही नाव दिलं नाही. आमच्या तरुणपणी तर सिनेमातला नायक तीन मिनिटांचं गाणं संपेपर्यंत नायिकेच्या मागे झाडाझाडांतून पळायचा आणि चौथ्या मिनिटाला ती लाजायची. आम्ही शिट्ट्या वाजवायचो. चौथ्या मिनिटाला तिने क्लास सोडला, असा सिनेमा कुणी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे हिने मला हलवून उठवलं. टाकीतल्या झुडपाला, काचेला आणि त्या प्लॅस्टिकच्या पाणबुड्याच्या डोक्यावरसुद्धा साबुदाण्याहून लहान, पारदर्शक मणी चिकटले होते. शेकड्यांनी. अंडी! प्रणयाचा विजय, असं म्हणून मी सरांना हाक मारणार, एवढ्यात पाहतो तर शेठ आणि ठिपकी शेजारी शेजारी उभे राहून अत्यंत एकोप्याने ती अंडी खात होते. पंचही एका कोपऱ्यात चाचपडत सामील झाले होते. गोल्डफिश हे असंच करतात. अंडी वाचवायची तर लगेच दुसऱ्या भांड्यात काढावी लागतात. आम्ही भांडं आणेपर्यंत न्याहारी उरकली होती. सरांना मी बोलावलं नाही. शाकुंतलावर चाळीस वर्षं प्रेम केलेल्या माणसाला असला सातवा अंक दाखवणं बरं नव्हे.

ठिपकीच्या डाव्या कुशीवरचे दोन खवले गेले होते. पोट हलकं झालं होतं, आणि ती तळाशी पर मिटून बसली होती. मला वाटलं, संपलं. सहसा संपतंच. पण तिसऱ्या दिवशी दुपारी शेठ पुन्हा सुरू.

सर म्हणाले, “निसर्ग.”

ही एरवी सरांपुढे पदर सावरून बोलणारी. पण त्या दिवशी म्हणाली, “सर, यातला निसर्ग मला जरा दाखवा. हा पंप एमएसईबीच्या विजेवर चालतो. खाणं डब्यातलं. खडी रंगवलेली. पाणी महापालिकेचं. तो पाणबुड्या प्लॅस्टिकचा. आणि पाठलाग तेवढा निसर्गाचा होय?”

(एमएसईबीचं २००५ साली महावितरण झालं, पण आमच्या पिढीची वीज अजून एमएसईबीकडूनच येते.)

मला हा मुद्दा बिनतोड वाटला. तळ्यात हाच पाठलाग झाला असता तर ठिपकी वीस हात लांब गेली असती, शेवाळात घुसली असती, तिथे आणखी चार माद्या असत्या, शेठचं लक्ष वाटलं गेलं असतं. पाठलाग तोच, पण त्याला शेवट असता. आमच्याकडे शेवटाच्या जागी काच होती. गोल्डफिश हा तर हजार वर्षांहून जास्त काळ माणसाच्या हाताखाली गेलेला मासा. चीनमध्ये साध्या, करड्या माशातून लोकांनी निवडून निवडून तो सोनेरी केला, कुणाची शेपटी दुहेरी केली, कुणाचे डोळे पंचांसारखे बाहेर काढले. आणि नीट ठेवला तर तो दहा-वीस वर्षंही जगतो. इंग्लंडमधला टिश नावाचा एक गोल्डफिश ४३ वर्षांचा होऊन १९९९ साली वारला. म्हणजे दोन फुटांतला संसार किती लांबू शकतो बघा.

कोनराड लोरेन्झ नावाचे एक ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ होते. १९७३ साली प्राण्यांच्या वागण्याच्या अभ्यासाबद्दल ज्या तिघांना नोबेल मिळालं, त्यांतले एक. त्यांनी एकदा एक नर पारवा आणि दुसऱ्या जातीची एक पारव्याची मादी एका पिंजऱ्यात ठेवली आणि ते व्हिएन्नाला गेले. परत येऊन पाहतात तर नर पिंजऱ्याच्या तळाशी पडलेला, डोक्यापासून पाठीपर्यंतची पिसं उपटून कातडी सोलवटलेली. आणि मादी, चेहऱ्यावर तोच प्रेमळ, स्वप्नाळू भाव ठेवून, त्या जखमांवर चोच मारतेच आहे. शांततेचं प्रतीक म्हणून आपण जे पाखरू पत्रिकेवर छापतो ते हे. लोरेन्झ म्हणतात, लांडगे लढतात तेव्हा हरलेल्याने मान पुढे केली की जिंकलेला थांबतो. पारव्याला तसा आवर नसतो, कारण त्याला उघड्या आभाळात त्याची गरजच पडत नाही. हरलेला उडून जातो. हे ऐकून सर बराच वेळ गप्प होते.

मग त्यांनी स्वतःच आपल्याविरुद्धचा पुरावा काढून दिला, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटला. म्हणाले, “शाकुंतलाची सुरुवातच पाठलागाने होते हो. दुष्यंत रथात बसून हरणाच्या मागे. आणि तपस्वी मधे येऊन हात वर करतो, हे आश्रमाचं हरिण आहे, मारू नका म्हणून. राजा थांबतो.” थोडं थांबून म्हणाले, “आणि मात्स्यन्याय म्हणजे बळी तो कान पिळी, असं आपण म्हणतो; पण कौटिल्याने तो शब्द कशासाठी वापरला? मात्स्यन्यायाने गांजलेल्या प्रजेने मनूला राजा केलं, धान्याचा सहावा वाटा देऊ केला. म्हणजे तो निसर्गाचा नियम आहे, म्हणून गप्प बसा, असं तिथे नाहीच. उलट आहे.”

“सहावा वाटा राहू दे,” मी म्हणालो. “डबा साडेतीनशेचा येतो, तो माझ्या पेन्शनीतून.”

“आणि हाच मनू,” सर आता रंगात आले होते, “शतपथ ब्राह्मणात काय करतो? हात धुताना ओंजळीत एक इवलासा मासा येतो. म्हणतो, मोठे मासे लहानांना गिळतात, मला सांभाळ. मनू त्याला घटात ठेवतो. घट पुरेना तेव्हा खड्डा खणतो. खड्डा पुरेना तेव्हा समुद्रात नेऊन सोडतो.”

“म्हणजे टाकी बदलतो,” ही म्हणाली.

त्या गोष्टीतला मासा पुढे प्रलयात मनूची नाव ओढतो वगैरे सगळ्यांना पाठ असतं. पण माशाची तक्रार ऐकून मनूने माशांचं शील सुधारण्याचा काही प्रयत्न केला नाही, मोठ्या माशांना बोलावून कानउघाडणी केली नाही, नुसतं भांडं बदललं, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. शेठ दोषी की निर्दोष यावर आम्ही तीन दिवस काथ्याकूट करत होतो. तो निर्दोष आहे. अगदी सन्मानपूर्वक निर्दोष. पण त्यामुळे ठिपकीचे दोन खवले परत येत नव्हते, आणि टाकीत मधे हात घालू शकणारे म्हणाल तर घरात आम्हीच होतो.

संध्याकाळी चिरंजिवांनी टाकीच्या मधोमध जाळीचं पार्टिशन बसवलं. शेठ एका बाजूला, ठिपकी आणि पंच दुसऱ्या बाजूला. शेठ दोन दिवस जाळीला नाक लावून फेऱ्या मारत होता, मग कंटाळला. ठिपकीने पर उघडले. आठवड्याभराने ती नीट खाऊ लागली. पण अर्ध्या टाकीत, म्हणजे पंचवीस लिटरांत दोघं, हे काही बरं दिसेना. तेव्हा पुढच्या पेन्शनीत नवी टाकी आली: तीन फूट लांब, दीड रुंद, दीड उंच, हिशेबाने १९१ लिटर. हिने ती स्वतः मांडली. गोल्डफिशला खायला आवडत नाही अशी जावा फर्न तिने दगडांना दोऱ्याने बांधून दाट लावली, दोन मातीच्या कुंड्या आडव्या ठेवल्या, दगडांची एक भिंत अशी रचली की पलीकडे गेलेला अलीकडच्याला दिसू नये. पाणबुड्याला निवृत्त केलं. दुकानातल्या पोराच्या आग्रहाने एक नवी मादीही आली. हे सगळं करताना ती गुणगुणत होती. राग मला ओळखता आला नाही, पण मी विचारलंही नाही. विचारलं की ती थांबते.

सर टाकी बघायला आले. खुर्ची ओढून बसले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पंच तेवढे काचेला डोळे लावून सरांकडे पाहत होते, किंवा त्यांना दिसत असतील तर पाहत होते.

“अहो, मासे कुठेत?”

“आहेत आत,” ही म्हणाली.

“एवढे पैसे घातलेत, आणि दिसत काहीच नाही!”

“चहा घ्या, सर.”

सरांनी बशीत चहा ओतला, तेवढ्यात दगडी भिंतीच्या आडून शेठ आला. जरा घाईतच होता. त्याच्या मागोमाग, अगदी शेपटीशी, ठिपकी. दोघं फर्नमध्ये शिरले आणि दिसेनासे झाले. सरांनी बशी खाली ठेवली आणि चष्मा कपाळावर चढवला.